न मागितलेले औषध

डॉक्टरांची फेरी सकाळी होते आणि दुखणे रात्री दोनच्या सुमारास वाढते. या दोन वेळांच्या दरम्यान जे काही घडते ते निभावून नेण्यासाठीच परिचारिकेची नेमणूक झालेली असते, असे मला सेवेची बरीच वर्षे उलटल्यावर वाटू लागले. नेमणुकीच्या हुकुमात अर्थातच असे काही लिहिलेले नसते. तेथे वेतनश्रेणी असते, मुक्कामाचे ठिकाण असते, आणि रुजू होण्याची मुदत असते. रात्रपाळी म्हणजे वॉर्डावर राखण करणे, दिवसा ठरलेली औषधे वेळच्या वेळी देणे आणि सकाळी कोणी दगावलेला नसल्यास समाधानाने हँडओव्हर देऊन घरी जाणे, एवढीच तिची व्याख्या आमच्या खात्यात रूढ आहे, आणि मीही काही काळ ती प्रामाणिकपणे मानीत आले.

माझी बहुतेक सेवा डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला, तोवर हा मुलूख ठाणे जिल्ह्याच्या दप्तरी होता आणि ठाण्याहून फारच दूर होता. पश्चिमेस चिकूच्या वाड्या व मच्छीमारांची गावे, पूर्वेस डोंगरउतारांवर विखुरलेले वारल्यांचे, कोकणांचे, दुबळ्यांचे पाडे, आणि या दोहोंच्या मधून धावणारी रेल्वे व मुंबई-अहमदाबाद हमरस्ता, असा हा प्रदेश. भातकापणी आटोपली, दिवाळी सरली, की पूर्वेकडचे पाडे निम्मे रिकामे होतात. कोणी कुटुंबकबिल्यासह भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्या गाठतो, कोणी वापीच्या कारखान्यांत शिरतो, आणि तरणी मुले गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. त्यामुळे आमच्या वॉर्डातील दुखण्यांनाही हंगाम असतो. पावसाळ्यात ताप आणि सर्पदंश; आणि थंडी पडू लागली की हाडांत, पाठीत, छातीत कळा घेऊन परत आलेले खलाशी आणि भट्टीवरचे मजूर.

येथील रुग्ण कण्हत नाही, ही गोष्ट बाहेरून बदलून आलेल्या परिचारिकेच्या ध्यानात पहिल्या आठवड्यातच येते, आणि ‘ही माणसे मोठी काटक’ असा तिचा अर्थ लावून ती मोकळी होते. काटकपणाची ही प्रशस्ती मला कधीही रुचली नाही, कारण तिच्या आडून आपण आपली जबाबदारी मोठ्या सोयीने झटकतो. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी १९४५ च्या मे महिन्यात किसान सभेच्या मेळाव्यात वारल्यांनी वेठबिगार आणि लग्नगडीची चाल झुगारून देण्याचा निश्चय केला; लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी राबावे, या रिवाजाला तेव्हा पहिला मोठा तडाखा बसला. म्हणजे आज वॉर्डात निजलेल्या म्हाताऱ्यांच्या आईबापांनी तो काळ अंगावर काढलेला आहे, आणि ज्या दारात फिर्याद नेली असता न्यायाऐवजी फटके मिळत, त्या दाराचा अनुभव घरातल्या घरात पिढीकडून पिढीकडे पोहोचलेला आहे. शासकीय रुग्णालयाचे दार त्यांना त्या दारांहून वेगळे का वाटावे, याचे उत्तर आम्ही पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांनी द्यावयाचे असते.

हाडांतल्या या कळांचे मूळ पुष्कळदा सिकलसेल या आजारात असते. रक्तातील तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन जन्मतःच किंचित निराळे घडलेले असते. प्राणवायू कमी पडला की त्याचे कण एकमेकांना चिकटून ताठ होतात, गोल व लवचिक पेशी विळ्यासारखी वाकते, आणि अशा वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून पुढचा रक्तप्रवाह रोखून धरतात. जेथे रक्त पोहोचत नाही तेथे जी वेदना उठते ती बाळंतकळांहून कमी नसते, असे दोन्ही सोसलेल्या बायकांनी मला सांगितले आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले, लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दोषाचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले, आणि भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळून आला. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला पूर्ण आजार होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. अतिश्रम, ताप, थंडी आणि पाण्याची तूट ही त्याची निमित्ते. आणि बोटीवरील खलाशाच्या किंवा भट्टीवरील मजुराच्या दिनक्रमात ही सर्व निमित्ते एकत्र नांदत असल्यामुळे, आजार कसा ओढवतो याचा पाठ शिकवावयाचा झाल्यास निराळे उदाहरण शोधण्याची गरज पडू नये.

अशाच एका खलाशाच्या निमित्ताने एक जुना शिरस्ता माझ्या डोळ्यांत खुपू लागला. केसपेपरवर वेदनाशामक औषधापुढे डॉक्टर बहुधा ‘एसओएस’ अशी तीन अक्षरे लिहितात. गरज पडल्यास द्यावे, असा त्याचा अर्थ, आणि व्यवहारात गरज म्हणजे रुग्णाची मागणी. हा मुलगा विशीच्या आतबाहेरचा होता. संध्याकाळच्या हँडओव्हरमध्ये ‘शांत आहे, झोपला आहे, काही तक्रार नाही’ अशी त्याची हकीकत मला मिळाली, आणि चादर डोक्यावरून घेऊन भिंतीकडे तोंड करून तो निजला होताही. परंतु चादरीखालून बाहेर आलेल्या पायांची बोटे आत वळून आवळलेली होती, आणि झोपेतल्या माणसाची बोटे अशी आवळलेली नसतात. नाडी शंभराच्या वर, मान घामाने ओली. ‘दुखते का रे?’ म्हटले तर ‘थोडं.’ शून्यापासून दहापर्यंत किती, हा पुस्तकातला प्रश्न मी विचारलाच नाही, कारण त्या प्रश्नाला येथे ‘दोन’ असे उत्तर मिळते आणि दोनला औषध नसते. मी त्याला कूस बदलून माझ्याकडे तोंड करावयास सांगितले. त्याने प्रयत्न केला, अर्ध्यावर थांबला, आणि त्याच्या वरच्या ओठावर दातांचे ठसे उमटले.

मग त्याने कारणही सांगितले. बोटीवर दुखते म्हटले की तांडेल (बोटीचा प्रमुख) पुढच्या बंदरात उतरवून देतो, आणि हंगामाच्या मध्यात उतरलेल्याचा हिशेब कोण कसा करील याचा भरवसा नसतो. म्हणून दुखण्याच्या बाबतीत तोंड मिटून राहावयाचे हे त्याने पहिल्या हंगामातच ठरवून टाकले होते. असे ठरविलेल्या माणसाच्या केसपेपरवर ‘मागितल्यास द्यावे’ असे लिहिणे म्हणजे त्याला औषध न देण्याचाच हुकूम होय. फक्त त्या हुकुमाखाली कोणाची सही शोधू गेल्यास सापडत नाही.

कर्करोगाच्या वेदनेसंबंधी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यात वेदनाशामक औषध घड्याळाप्रमाणे द्यावे, दुखण्याने डोके वर काढण्याची वाट पाहू नये, असा स्पष्ट दंडक आहे. त्याही आधी, १९६८ मध्ये, मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन परिचारिकेने रुग्ण सांगतो तीच वेदना आणि तो म्हणतो तेव्हाच ती असते, अशी व्याख्या केली होती. ती आजही आमच्या अभ्यासक्रमात पाठ करवून घेतली जाते. व्याख्येशी माझा वाद नाही, तिने असंख्य रुग्णांना ‘ढोंगी’ या शिक्क्यातून सोडविले. मात्र सांगण्याची सवयच ज्याची मोडलेली आहे त्याच्यापुढे ती अपुरी पडते, आणि तेथे परिचारिकेच्या डोळ्यांनी रुग्णाच्या तोंडाचे काम करावे लागते. त्या रात्री ड्यूटीवर बंधपत्राची सेवा करणारे एक तरुण वैद्यकीय अधिकारी होते. मी त्यांना उठवून आणले, आवळलेली बोटे दाखविली, आणि ‘एसओएस’ खोडून त्यांनी तेथे तास लिहिले. सलाईनचा वेगही ठरवून दिला. दोन रात्रींनंतर तो मुलगा सलग चार तास झोपला. तो झोपेत असताना मी त्याच्या श्वासांची गणती करीत राहिले व बोटाला प्राणवायू मोजण्याचे यंत्र लावून ठेवले, कारण अशा रुग्णाला छातीची गुंतागुंत केव्हा गाठील याचा नेम नसतो, आणि तीव्र वेदनाशामकाखाली आलेली झोप वाजवीपेक्षा गाढ होत चालली तर ते लक्षण आनंदाचे मानता येत नाही.

झोपलेला रुग्ण म्हणजे दुःखमुक्त रुग्ण, हा समज डॉक्टरांत, परिचारिकांत आणि नातलगांत सारखाच खोल रुजलेला आहे. वास्तविक थकलेले शरीर वेदनेतही काही काळ मिटते. ती ग्लानी असते, विश्रांती नव्हे. आणि अशा तुटक झोपेच्या दोनतीन रात्री गेल्या म्हणजे तीच वेदना दुपटीने जाणवू लागते, ती वाढली म्हणून झोप आणखी उडते, आणि या फेऱ्यातून रुग्णाला बाहेर काढणे दिवसाच्या फेरीला साधत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये परिचर्येवर जे पुस्तक लिहिले त्यात रुग्णाला पहिल्या झोपेतून उठविण्याविरुद्ध फार कडक भाषा वापरलेली आहे. काही तासांनी जागा झालेला रुग्ण पुन्हा झोपू शकतो, काही मिनिटांत जागा झालेला बहुधा झोपत नाही, हे त्यांचे निरीक्षण मी आमच्या वॉर्डात वारंवार पडताळून पाहिले आहे. आमच्या वॉर्डात मात्र रात्री दहाला एक इंजेक्शन, बाराला रक्तदाब, दोनला दुसरे इंजेक्शन आणि पहाटे चारला ताप पाहण्यासाठी काखेत थर्मामीटर, असा क्रम अनेक वर्षे बिनतक्रार चालू होता, आणि त्या क्रमाच्या समर्थनार्थ तो पूर्वापार आहे याखेरीज दुसरे कारण कोणी देऊ शकले नाही. डॉक्टरांच्या संमतीने जी औषधे पुढेमागे करता येण्याजोगी होती ती एका वेळी आणली. ट्रॉलीच्या चाकांना तेल घातले. मधली नळी विझवून दाराजवळचा एकच दिवा ठेवला. आमच्या वॉर्डातील मावशींना बादल्यांचा आवाज पहाटे पाचनंतरच करण्याची विनंती केली. मावशींनी ती मान्य केली, वॉर्डबॉय असलेल्या मामांनी केली नाही, आणि त्या बाबतीत मी हार पत्करली.

सगळ्यांत अधिक मी शिकले ते आश्रमशाळेतून आणलेल्या एका मुलाकडून. बारा-तेरा वर्षांचा, अंगाने किरकोळ, डोळ्यांत पिवळसर झाक. महिन्या-दोन महिन्यांनी त्याला पहाटेच्या वेळी मांड्यांत आणि कंबरेत कळा येत, आणि अधीक्षक त्याला जीपमध्ये घालून आणीत. सलाईन लागले, औषध मिळाले, की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तो उठून बसे व वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. दुखणे नेमके पहाटेच का उठते, हे मात्र कोणाला उमगत नव्हते. एका रात्री त्याच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या सकाळी जसाच्या तसा भरलेला दिसला. दुसऱ्या रात्रीही तसाच. तहान नाही का म्हणून विचारले तर मान खाली. शेजारच्या खाटेवरच्या डोकरीने अखेर वाचा फोडली: ‘रातचा मुततं ना तो, बाय. म्हणून पाणी नाय पित.’

सिकलसेलच्या रुग्णाच्या मूत्रपिंडांना लघवी दाट करण्याची शक्ती लहानपणापासूनच राहत नाही. दिवसा प्यालेले पाणी रात्री थांबत नाही, मूल अंथरूण ओले करते, किंवा तीन-चार वेळा उठते. वसतिगृहातील लांबच्या लांब खोलीत पन्नास मुलांच्या मध्ये ज्याचे अंथरूण रोज सकाळी ओले निघते, त्याचे काय होते हे सांगावयास नको. या मुलाला मुलांनी नावे ठेवली होती, आणि एका मोठ्या माणसाने छडीही दिली होती. तेव्हा त्याने आपल्या बुद्धीने उपाय योजला: दिवेलागणीनंतर पाण्याचा थेंब घ्यावयाचा नाही. अंथरूण कोरडे राहू लागले. रक्त मात्र रात्रभर दाट होत गेले, पहाटेच्या गारठ्यात सतरंजीवर ते आणखी अडले, आणि कळा उठल्या. मूल आपली लाज झाकण्यासाठी तहान मारीत होते, आणि आम्ही दर खेपेस त्याला सलाईनने पाणी भरून पुन्हा त्याच तहानेकडे रवाना करीत होतो. उपाय फार साधा होता. त्याच्या खाटेखाली लघवीचे भांडे ठेवले, पाणी दिवसभर आणि रात्रीही भरपूर पिण्यास सांगितले, मध्यरात्री एकदा मी स्वतः त्याला हळूच उठवू लागले (नाइटिंगेलबाईंची क्षमा मागून), आणि डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांच्या सहीने आश्रमशाळेला पत्र दिले की हा दोष मुलाचा नसून मूत्रपिंडांचा आहे, याला दाराजवळची जागा, जादा घोंगडी व रात्री उठण्याची मुभा द्यावी, आणि ओल्या अंथरुणाबद्दल शिक्षा केल्यास ती आजाराला निमंत्रण देईल. पत्राचे उत्तर आले नाही. परंतु नव्या अधीक्षकांनी दाराजवळची जागा दिल्याचे मुलाने पुढच्या तपासणीत सांगितले, आणि त्या हिवाळ्यात तो आमच्याकडे रात्री आला नाही. सिकलसेलवरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू झाल्याचाही त्यात वाटा असणार; श्रेय वाटून देण्याची मला घाई नाही.

थंडी आणि अनिद्रा यांचा संबंध या दोन तालुक्यांनी २०१८-१९ च्या हिवाळ्यात जसा भोगला तसा क्वचितच कोणी भोगला असेल. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरू लागली. धक्के लहान, पण थांबेनात. आधी भूगर्भातून सुरुंग उडाल्यासारखा आवाज येई आणि मग कुडाच्या भिंतीवरची भांडी वाजत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली, आणि त्यानंतर माणसे घरात निजण्यास धजेनात. शासनाने तंबू दिले. पण कडाक्याच्या रात्री मोकळ्या शेतात, अंगावर एक गोधडी घेऊन, एका कानाने जमिनीचा आवाज ऐकत पडलेल्या माणसाला झोप कशी लागावी! दवाखान्यात येणाऱ्यांत त्या दिवसांत डोकेदुखी, छातीत धडधड, अंग मोडून येणे अशा तक्रारींचीच भर होती, आणि सिकलसेलचे कार्ड असलेल्यांची दुखणी माझ्या पाहण्यात तरी नेहमीपेक्षा अधिक वेळा उठली. झोपेची गोळी मागावयास आलेल्या एका वयस्क बाईंना मी ती का मिळत नाही हे समजावून सांगू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘गोळी खाऊन निजलो आन् धरणी हालली तर पोरांना कोण उठवील?’ म्हणजे गोळी नको हे त्यांनाही ठाऊक होते. त्या कोणी ऐकून घ्यावे म्हणून आल्या होत्या.

एक गोष्ट येथे अस्थानी वाटली तरी सांगून टाकते. पोटावर, सांध्यांवर तापल्या लोखंडाचे डाग दिलेली मुले या भागात आजही येतात, आणि वॉर्डात भगताच्या नावाने बोटे मोडण्याची चाल आहे. डाग देणे क्रूर आहे, त्याने जखमा चिघळतात, यात शंका नाही. पण भगत रात्री बोलावला तर रात्री येतो, रुग्णाच्या शेजारी बसतो आणि दुखते हे खरे मानतो. आमच्याकडे या तिन्ही गोष्टींची वाण पडते. मग रुग्ण त्याच्याकडे आधी आणि आमच्याकडे नंतर येतो, याचे नवल वाटावयास नको.

कर्करोगाच्या अखेरच्या वेदनांपुढे मात्र आमची शर्थही तोकडी पडते. एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेटपासून डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हापासून परळच्या टाटा रुग्णालयाची वारी पूर्वीपेक्षा सुकर झाली आहे. पण उपचार संपले असे सांगून परत पाठविलेला रुग्ण त्याच लोकलने घरी येतो, आणि त्याच्या पिशवीत आठवड्याभराचे मॉर्फिन असले तर पुढच्या आठवड्याचे नसते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांची जी तटबंदी उभी केली, ती २०१४ च्या दुरुस्तीने पुष्कळ खाली आणली. मान्यताप्राप्त संस्थेला आता ते बाळगता येते. कागद बदलला, कपाट मात्र बहुतेक ठिकाणी रिकामेच राहिले, कारण जाबजबाबाच्या धास्तीने इंडेंटवर सही करण्यास हात धजत नाही. खोकल्याने व दुखण्याने रात्रीमागून रात्री बसून काढणारे झाईकडचे एक मच्छीमार आजोबा मला विचारीत, ‘सिस्टर, आज गाडीतून काय आलं का?’ औषधांची गाडी आलेली असे. त्यांचे औषध त्यात नसे. मी त्यांच्या पाठीशी तीन उशा रचून, पुढे टेबल ओढून त्यावर हात टेकवून देई, आणि असेल त्या औषधाचा तास चुकू देत नसे. त्याने वेदना जात नव्हती. ती किती होती हे नोंदवहीत दर चार तासांनी लिहिले जात होते, एवढेच.

या दोन तालुक्यांत दरसाल नवे वैद्यकीय अधिकारी बंधपत्रावर येतात आणि नव्या परिचारिका शिकावयास येतात. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हे लिखाण पडले तर एवढीच विनंती आहे, की वेदनाशामकापुढे ‘एसओएस’ लिहू नका, तास लिहा. रात्रीच्या हँडओव्हरमध्ये ‘झोपला आहे’ असे सांगण्यापूर्वी चादर वर करून पायांकडे एकदा पाहा. आणि सिकलसेलचे मूल असेल तर उशाशी पाण्याचा तांब्या व खाटेखाली भांडे, या दोन्ही वस्तू दिवे मालवण्याच्या आत तेथे आहेत याची खात्री करून घ्या.